जुन्या अ‍ॅक्शन फिगर्सची मार्गदर्शिका मराठीत हवी, आणि ती बिनचूक हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो. वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये ३१ वर्षं साचे बनवले. बादल्यांची झाकणं, स्विचच्या पेट्या, खेळण्यांचे सुटे भाग, जे काम येईल ते. निवृत्तीनंतर घराला रंग काढताना माळ्यावरून मुलाचा बिस्किटांचा डबा खाली आला. त्यात त्याचे नव्वदच्या दशकातले जी. आय. ज्यो, म्हणजे हासब्रो या अमेरिकी कंपनीच्या मालिकेतले खेळण्यातले सैनिक, होते, सात धड आणि चार मोडके. त्या दिवसापासून मी जुन्या अ‍ॅक्शन फिगर्स, म्हणजे हातपाय हलणारी अशी पात्रांची खेळणी, जमवतो आहे. नौपाडा, कळवा, कोपरी, ऐरोली इथले बारा-तेरा जण आता ओळखीचे झाले आहेत. आम्हा सगळ्यांची अडचण एकच आहे. आपल्याकडे बनलेल्या आणि विकल्या गेलेल्या या खेळण्यांची भरवशाची मार्गदर्शिका मराठीत नाही. ज्या याद्या हातोहात फिरतात, त्यांत चुका इतक्या आहेत की नवीन माणूस फसतोच.

मीही फसलो. एका विक्रेत्याने मला जी. आय. ज्योचा एक सैनिक दाखवला. पाठीवर १९८२ कोरलेलं होतं. त्याच्याकडे चार पानांची छापील यादी होती, तिच्यातही ‘पाठीवरचं साल म्हणजे बनवल्याचं साल’ असंच लिहिलेलं होतं. मी साडेचार हजार रुपये मोजले. घरी येऊन दिव्याखाली धरला, दंड दोन बोटांत पकडून फिरवला, तर तो कोपराच्या वर गर्रकन गोल फिरला. १९८२ साली बाजारात आलेल्या पहिल्या फिगर्सचा हात खांद्यातून वर-खाली होतो आणि कोपरात वाकतो, पण दंड असा फिरत नाही. ती सोय १९८३ पासून आली. म्हणजे पाठीवर १९८२ असलं तरी ती वस्तू त्या वर्षीची असूच शकत नव्हती.

साच्याच्या कामात जन्म घालवलेल्या माणसाला हे दुकानातच कळायला हवं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं. पाठीवरचा आकडा हा पोलादात कोरलेला असतो. तो त्या नक्षीच्या हक्काचं (कॉपीराइटचं) साल सांगतो. साचा नीट सांभाळला तर त्यातून लाखो नग निघतात, तो एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात, एका देशातून दुसऱ्या देशात जातो, आणि कुणी मुद्दाम वेल्डिंगने भरून नव्याने कोरल्याशिवाय तो आकडा तसाच उमटत राहतो. आपल्याकडे फनस्कूलने, म्हणजे एमआरएफ आणि हासब्रो यांनी मिळून १९८७ मध्ये काढलेल्या कंपनीने, हासब्रोच्या साच्यांतून माल काढला तो असाच. मॅटेल या अमेरिकी कंपनीच्या ही-मॅनचं तेच. अमेरिकेत तो १९८२ मध्ये विक्रीला आला, पाठीवर साल १९८१ चं. शिवाय मॅटेलने तेच धड आणि तेच पाय कितीतरी पात्रांना वापरले, त्यामुळे १९८१ चा शिक्का पुढच्या वर्षांच्या फिगर्सवरही दिसतो. केनर या अमेरिकी कंपनीच्या, स्टार वॉर्स चित्रपटावरच्या सुरुवातीच्या फिगर्सवर १९७७ आहे, पण पहिल्या बारा फिगर्स मुलांच्या हातात पडल्या १९७८ मध्ये. १९७७ च्या नाताळात तर केनरने फिगर नसलेलं पाकीट विकलं होतं, आत फिगर्स पुढे टपालाने मागवायचं प्रमाणपत्र होतं.

मग भारतीय मालाचं वय ओळखायचं कसं? माझं ठाम मत आहे की आधी पाकिटाचा पुठ्ठा बघावा. १९७७ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांमुळे आपल्याकडे पाकिटावर किंमत आणि पॅकिंगचा महिना-वर्ष छापावं लागायचं. विदेशी संग्राहकांना हवा असलेला हा पुरावा आपल्या रद्दीत पडून आहे. पत्ता छापलेला असेल तर ‘बॉम्बे’ आहे की ‘मुंबई’, ‘मद्रास’ आहे की ‘चेन्नई’ तेही बघावं. ही नावं १९९५ आणि १९९६ मध्ये बदलली. छापून ठेवलेले जुने पुठ्ठे पुढेही वापरले जातात, म्हणून एकट्या पत्त्यावर निकाल देऊ नये, पण महिना-वर्ष आणि पत्ता जुळले की बरंच पक्कं होतं. माझी वाचकांना कळकळीची विनंती आहे, मुलांच्या जुन्या खेळण्यांचे पुठ्ठे, दुकानाची बिलं, कंपनीची रंगीत पत्रकं रद्दीत घालू नका.

पुठ्ठा नसेल तर भिंग घ्यावं. कारखान्यात चेहऱ्याचा रंग धातूच्या मास्कमधून फवारतात, छातीवरची बारीक चिन्हं पॅडने छापतात. फवाऱ्याची कड स्वच्छ असते आणि तिच्या बाहेर अगदी बारीक धुरळा दिसतो. नंतर कुणी ब्रशने रंगवलेलं असेल तर ब्रशच्या केसांच्या रेघा दिसतात, आणि खोलगट जागेत रंग साचून गोठलेला असतो. दुसरं म्हणजे जी. आय. ज्योच्या पाठीचा स्क्रू. स्क्रूचं डोकं नवंकोरं आणि खाचेभोवती प्लास्टिक ओरखडलेलं, तर आतले भाग बदललेले असण्याची शक्यता धरावी. आत धड आणि पाय एका काळ्या रबरी रिंगने धरलेले असतात. ही रिंग वाळून तुटते, मग पाय लोंबकळतात. माझ्या मुलाच्या चार मोडक्यांपैकी तिघांचं दुखणं एवढंच होतं. वागळे इस्टेटमध्ये हायड्रॉलिकच्या दुकानात तशी ओ-रिंग काही रुपयांत मिळाली. पण रिंग बदलली तर विकताना तसं सांगावं, आणि मार्गदर्शिकेत हे स्पष्ट लिहिलेलं असावं.

बनवाबनवीही लिहावी लागेल. स्टार वॉर्सच्या जावा या बुटक्या पात्राच्या फिगरला सुरुवातीला प्लास्टिकची झूल होती, नंतर कापडी आली. प्लास्टिकवाला दुर्मीळ, म्हणून त्याच मालिकेतल्या बेन केनोबीच्या फिगरची प्लास्टिकची झूल कापून जावाला घालून विकतात.

चुकीच्या माहितीने वस्तूचा जीव जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्याच इमारतीतल्या एका कॉलेजच्या मुलाने कुठल्याशा यादीत वाचून ही-मॅनचा चेहरा नेलपॉलिश काढायच्या द्रवाने पुसला. तो कापूस घेऊन रडवेला होऊन माझ्याकडे आला. भुवई पूर्ण त्या कापसावर उतरली होती, आणि गालाचं प्लास्टिक बोटाला चिकटत होतं. अ‍ॅसिटोन असंच करतं. कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ ब्रश, याच्या पुढे नवशिक्याने जाऊ नये. पिवळेपणा घालवायला पेरॉक्साइड लावतात, पण तो पिवळेपणा परत येऊ शकतो, हे कुणी सांगत नाही. आपल्या दमट हवेत मऊ पीव्हीसीतलं तेल बाहेर झिरपतं आणि वस्तू चिकट होते, म्हणून पीव्हीसीच्या पिशव्या टाळाव्यात, पॉलिथिनच्या घ्याव्यात आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहाव्यात.

सर्वात महत्त्वाचं शेवटी. ज्यांनी ही कामं केली, ते लोक अजून आपल्यात आहेत. मशीनवर नग काढणारे, नगाला जोडून आलेली प्लास्टिकची काडी (रनर) तोडणारे, मास्क धुणारे, पॅकिंगला बसणाऱ्या ताई-मावशी. कुठल्या वर्षी प्लास्टिकच्या दाण्याचा रंग बदलला, कुठला साचा बाद झाला, हे त्यांना आठवतं. माझ्याबरोबर काम केलेले दोघे याच वर्षी गेले. त्यांना मी काही विचारलं नव्हतं.

आपल्या ठाणे पुरवणीत पंधरवड्याला पाव पान द्यावं, एवढीच विनंती. एका वेळी एक फिगर: फोटो, शिक्का, स्क्रू, वजन, पुठ्ठ्यावरचा महिना-वर्ष, आणि जे पाहिलेलं नाही तिथे ‘पाहिलेलं नाही’ एवढंच. वजनकाटा, बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर आणि भिंग माझ्याकडे आहे. पहिली नोंद मी त्या १९८२ च्या शिक्क्याच्या सैनिकाचीच लिहून ठेवली आहे. तो माझ्या टेबलावर आहे, कुणालाही हात फिरवून बघता येईल.

आपला,
एक निवृत्त टूलमेकर
वर्तकनगर, ठाणे (प.)