जुन्या ड्रॅग गाड्या: थाट जुना, पोलाद आजचं

संपादक महोदय,

मोटारींच्या पानांवर अमेरिकेतल्या जुन्या ड्रॅग गाड्यांची, म्हणजे थोड्या अंतराच्या सरळ शर्यतीत धावणाऱ्या गाड्यांची, छायाचित्रं अधूनमधून झळकतात. नाक वर केलेली विलीज कंपनीची जुनी गाडी, बॉनेट फोडून बाहेर आलेला सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप), मागच्या चाकांचा धूर. मजकूर मात्र 'काय तो काळ होता' एवढ्यावर आटोपतो. हा खेळ तिथे आजही जुन्या पद्धतीने खेळला जातो आणि तो चालवणाऱ्यांपुढे रोकडा प्रश्न आहे: गाडी १९६० च्या दशकातली वाटावी, चालक धडधाकट घरी जावा आणि नोकरी सांभाळून गाडी उभी करणाऱ्याला खर्च झेपावा, हे एकत्र कसं जमवायचं? यातलं दोनच जमतं, असं सर्रास म्हटलं जातं. आम्हाला ते पटत नाही. नियमांत काय गोठवायचं आणि कशाला आजचं मानक लावायचं, हे बहुतेक जण उलटं ठरवतात, तिथेच घोळ होतो. रंग, रिम आणि स्टिकर जुने असावेत म्हणून हट्ट, आणि आत मात्र संगणकाने सोडलेली गाडी.

थोडी पार्श्वभूमी. कॅलिफोर्नियात सांता आना इथे १९५० साली तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या, १९५१ मध्ये या शर्यतींचे नियम ठरवणारी एनएचआरए ही संघटना स्थापन झाली आणि पाव मैल, म्हणजे १३२० फूट, हे अंतर रुजलं. 'गॅसर' म्हणजे पेट्रोलवर धावणारी, बॉडी मूळ कंपनीची पण इंजिन बहुधा भलतंच असलेली गाडी. तिचे वर्ग वजन भागिले इंजिनाची क्षमता असे ठरत. ३००० पौंडांची गाडी आणि ३०० घनइंचांचं इंजिन, तर दर घनइंचाला १० पौंड. इंजिन मागे सरकवायची मुभा व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांतल्या अंतराच्या) १० टक्के, म्हणजे १०० इंचांच्या व्हीलबेसवर १० इंच. क्रँकशाफ्टचा मध्य जमिनीपासून २४ इंचांहून उंच नको. काटा, टेप आणि बोअर-स्ट्रोकचं माप एवढ्यावर तपासणी होते. असा नियम आजही सर्वांत स्वस्त, कारण त्यात पळवाट शोधायला प्रयोगशाळा लागत नाही.

आता खर्चाकडे. पैसा इंजिनात जातो असं वाटतं, पण इंजिनावर खर्च करायची खुमखुमी येते ती टायरमुळे. टायर हा या गाडीचा फ्यूज आहे. अरुंद, त्या काळच्या मापाचा, क्रॉस-प्लाय (आतले धागे तिरके, एकमेकांना छेदणारे) बांधणीचा स्लिक, म्हणजे नक्षी नसलेला गुळगुळीत टायर, सक्तीचा केला, तर ठरावीक ताकदीपुढे चाक नुसतं फिरतं. मग जास्तीच्या शंभर हॉर्सपॉवरचा उपयोग धुरापलीकडे होत नाही आणि गिअरबॉक्स, एक्सेल, क्रॉस (प्रोपेलर शाफ्टच्या टोकाचा सांधा) हे सगळं टिकतं. उलट रुंद, मऊ रबराचा आधुनिक स्लिक लावला की चाक घसरत नाही. क्लच सोडताक्षणी सगळा धक्का टी-१० किंवा मन्सी या त्या काळच्या गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरवर बसतो. दात उडाले की मालक अधिक भक्कम गिअरबॉक्स घेतो, मग एक्सेल तुटतो, मग डिफरन्शियल. ही माळ टायरपासूनच तोडावी लागते.

ट्रॅकलाही हेच लागू. आधुनिक स्ट्रिपवर चिकट राळेचा द्राव फवारून वर रबर घासतात. हजारो हॉर्सपॉवरच्या गाड्यांना ते लागतं. उंच नाकाच्या, हाताने गिअर बदलायच्या गॅसरला ते घातक ठरतं. चाक पकडतं, नाक नको तितकं उचललं जातं आणि गाडी आपटते तेव्हा पुढच्या एक्सेलचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) वाकतात. जुन्या वर्गांसाठी द्राव कमी ठेवावा, मात्र दोन्ही लेन सारख्या हव्यात आणि पकड अचानक संपता कामा नये. साठ फुटांवर चिकट पट्टा संपून पुढे गुळगुळीत काँक्रीट आलं, तर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी आडवी जाते. कोरडा ट्रॅक एक वेळ चालेल, अर्धवट चिकट नको.

टायरचं जुनेपण दिसण्यापुरतं ठेवा. त्या काळचा खरा स्लिक, कितीही सुंदर राहिलेला असो, धावण्यासाठी वापरू नये. रबर कडक झालेलं असतं, आतला धागा कुजलेला असू शकतो आणि ते बाहेरून कळत नाही. जुन्या साच्याच्या धर्तीवर आजही स्लिक तयार होतात, तेच घ्यावेत. जुन्या मॅग्नेशियमच्या चाकांचीही तीच गत. मॅग्नेशियम रंगाखाली गंजतं आणि नटच्या भोकापाशी केसासारखी चीर पडते. वापरायचीच असतील तर रंग पूर्ण खरवडून डाय टाकून चिरा तपासाव्यात. त्यापेक्षा त्याच घाटाची ॲल्युमिनियमची चाकं लावावीत, प्रेक्षकाला फरक दिसत नाही.

इलेक्ट्रॉनिक्सबद्दल आमचं मत कठोर आहे. ट्रान्सब्रेक (सुटेपर्यंत गिअरबॉक्स अडवून धरणारा), डिले बॉक्स (सुटण्याची वेळ नेमकी लांबवणारा), थ्रॉटल स्टॉप (मध्येच ताकद आवरणारा), डेटा लॉगर (धावेची नोंद ठेवणारा), सुरुवातीचे आरपीएम बांधून ठेवणारं उपकरण, सगळं बंद असावं. ठरावीक सेकंदांच्या इंडेक्स वर्गात ही उपकरणं आली की प्रत्येक गाडी त्याच वेळेवर येऊन बसते. मग जिंकतो तो उपकरण नीट लावणारा, आणि ज्याच्याकडे ते नाही तो पुढच्या वर्षी येत नाही. एरवी इंडेक्स ही कल्पना गुणाची आहे. ठरलेल्या वेळेहून जलद गेलात तर बाद, त्यामुळे इंजिनावर उधळायला कारणच उरत नाही. एक अपवाद मात्र करावा: एकाच आकड्यावर सील केलेला साधा रेव्ह लिमिटर, म्हणजे ठरलेल्या आरपीएमपुढे इंजिन जाऊ न देणारं उपकरण. गिअर चुकला की इंजिन क्षणात ८००० च्या पुढे जातं, व्हॉल्व्ह तरंगतात, एखादा पिस्टनवर आदळतो आणि अख्ख्या हंगामाचं बजेट ऑइल पॅनमध्ये येऊन पडतं. शुद्धतावाद्यांना हे खटकेल, खटकू दे.

आता जिथे काटकसर करायची नाही त्या जागा. पहिली क्लचची. ओतीव लोखंडाचं फ्लायव्हील ७००० आरपीएमला फुटलं तर तुकडे फ्लोअर आणि पाय दोन्ही कापत जातात. पोलादी फ्लायव्हील आणि एसएफआय ६.१ (शर्यतीच्या सामानाचं सुरक्षा मानक) प्रमाणित पोलादी बेलहाउसिंग, म्हणजे क्लचभोवतीचं कवच, हवंच. एनएचआरएच्या नियमाप्रमाणे क्लचवाल्या गाडीला पाव मैलात ११.४९ सेकंद किंवा त्याहून जलद धावायचं असेल तर ते सक्तीचं आहे, आमच्या मते प्रत्येक गॅसरला असावं. पण नुसतं विकत आणून बोल्ट आवळले की काम झालं असं नाही. नवं बेलहाउसिंग जुन्या ब्लॉकवर क्वचितच बरोबर मध्यावर बसतं. फ्लायव्हीलला डायल गेजचा स्टँड लावून काटा बेलहाउसिंगच्या गोल भोकाच्या आतल्या कडेवर ठेवावा आणि क्रँक हाताने पूर्ण एक फेरा फिरवावा. काट्याचा एकूण फरक ५ थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत हवा. समजा १४ थाऊ आला, तर मध्य त्याच्या निम्मा, म्हणजे ७ थाऊ सरकलेला आहे, आणि ७ थाऊ ऑफसेटच्या डॉवेल पिना (बेलहाउसिंगला ब्लॉकवर जागेवर धरणाऱ्या खिळ्या) लागतात. दोन्ही पिनांचा ऑफसेट एकाच दिशेला वळवून पुन्हा मोजावं. हे टाळलं तर क्लच पूर्ण सुटत नाही, वरच्या आरपीएमला गिअर अडकतो, पायलट बेअरिंग खातं आणि क्लच प्लेटचा मधला हब तडकतो. लोक मग गिअरबॉक्सला शिव्या देतात.

दुसरी जागा प्रोपेलर शाफ्टची. पुढचा क्रॉस तुटला की शाफ्टचं टोक खाली येतं, रस्त्यात रुततं आणि गाडी त्यावर उचलली जाते. म्हणून पुढच्या क्रॉसपासून ६ इंचांच्या आत पूर्ण गोल कडं लावायचं: २ इंच रुंद, पाव इंच जाड पोलादी पट्टी किंवा पाऊण इंचाहून किंचित मोठी, ७/८ इंच व्यासाची आणि ६५ थाऊ जाडीची नळी. कडं फ्लोअरच्या पातळ पत्र्याला नव्हे, तर चेसिसच्या आडव्या तुकड्याला बोल्ट करावं. मागच्या एक्सेललाही एक मेख आहे. ज्या डिफरन्शियलमध्ये एक्सेल आतल्या सी-क्लिपवर (इंग्रजी सी आकाराच्या कडीवर) अडकलेला असतो, तिथे एक्सेल तुटला की चाकासकट बाहेर येतो. १९५७ ते १९६४ चं ओल्ड्स-पाँटियाक किंवा फोर्डचं ९ इंची डिफरन्शियल या बाबतीत बरं, कारण एक्सेल बाहेरच्या टोकाला प्लेटने धरलेला असतो, आणि दोन्ही त्या काळचीच आहेत.

उंच नाकाच्या गाड्यांचा सरळ पुढचा एक्सेल हा बहुतेकांचा आवडता भाग आणि सर्वांत वाईट बसवलेलाही. कास्टर (चाक ज्या किंगपिन नावाच्या खिळीभोवती वळतं तिचा मागे कल) ५ ते ७ अंश, टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा आत झुकण्याचं माप) १/१६ ते १/८ इंच. चाक वरखाली धरून हलवलं तर किंगपिनमध्ये खेळ जाणवू नये. खरी गोम ड्रॅग लिंकमध्ये, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सपासून चाकांकडे जाणाऱ्या दांड्यात, असते. पाट्याचं पक्कं टोक पुढे आणि स्टिअरिंग बॉक्स एक्सेलच्या मागे असेल, तर नाक वरखाली होताना एक्सेल एका कमानीत फिरतो आणि लिंक उलट्या कमानीत, आणि कुणी स्टिअरिंग न हलवता चाकं वळतात. गाडी ठोकळ्यांवर घ्या, स्टिअरिंग बांधून ठेवा, जॅकने एक्सेल ३ इंच वर आणि ३ इंच खाली न्या आणि चाकाच्या पुढच्या कडेपासून जमिनीवर ओळंबा सोडून खूण करा. खूण सरकत असेल तर लिंकचं चेसिसकडचं टोक पाट्याच्या पक्क्या टोकाजवळ आणा. छायाचित्रासाठी आणखी चार इंच उंची वाढवणाऱ्यांनी ही चाचणी आधी करावी. साठच्या दशकात नाक वर घ्यायचे ते वजन मागच्या चाकांवर ढकलायला, मिरवायला नव्हे.

रोल केजबाबत जुनेपणाचा प्रश्नच येऊ नये. मुख्य कमान १.७५ इंच व्यासाच्या नळीची, साधं पोलाद असेल तर जाडी ११८ थाऊ, क्रोममॉली (जास्त भक्कम मिश्र पोलाद) असेल तर ८३ थाऊ. क्रोममॉलीला टिग वेल्डिंगच. वेल्ड घासून गुळगुळीत केलं की ते कच्चं होतं आणि तपासनीस गाडी परत पाठवतो. कमान हेल्मेटच्या किमान ३ इंच वर आणि डोक्यामागे ६ इंचांच्या आत हवी. जुन्या कूपेचं छत बुटकं असतं, म्हणून लोक कमान खाली घेतात. त्याऐवजी फ्लोअर कापून सीट खाली न्यावी. खांद्याच्या पट्ट्यांची आडवी नळी खांद्यांच्या पातळीला किंवा जास्तीत जास्त ४ इंच खाली. त्याहून खाली बांधली तर धडकेत पट्टा मणक्याला खाली दाबतो. पट्ट्यांची मुदत उत्पादनापासून २ वर्षं, आणि ते हंगामाच्या मध्यावर संपतील असे घेऊ नयेत, एवढी तरी काटकसर जमते.

बॅटरी मागे नेली की बाहेरून बंद करता येणारा कट-ऑफ स्विच लागतो. चूक नेहमीची: स्विच बंद केला तरी ऑल्टरनेटर इंजिनाला वीज देत राहतो आणि इंजिन चालूच राहतं. ऑल्टरनेटरची जाड तार स्विचच्या बॅटरीकडच्या टोकाला जोडावी, आणि तपासणीत इंजिन चालू ठेवून स्विच ओढून बघावा. नुसता स्टिकर पाहून सही करणारा तपासनीस काय कामाचा?

स्ट्रिप कुठली हेही महत्त्वाचं. ब्रेक मारायला मागे जागा कमी असेल तर अर्ध्या अंतरावर, ६६० फुटांवर, शर्यत संपवावी. पाव मैलाला ताशी १४० मैल गाठणारी गाडी तिथे साधारण ११२ वर असते. ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते, म्हणजे थांबवायची ऊर्जा एक तृतीयांशाहून जास्त घटते, आणि इंजिनाचे शेवटचे, सर्वांत महाग काही सेकंदही वाचतात. गर्दीला सुरुवातच बघायची असते.

नायट्रोच्या (नायट्रोमिथेन या इंधनावरच्या), चालकापुढे इंजिन असलेल्या ड्रॅगस्टरबद्दल, म्हणजे फक्त शर्यतीसाठी बांधलेल्या लांबट गाड्यांबद्दल, वेगळं बोलावं लागेल. मार्च १९७० मध्ये कॅलिफोर्नियातल्या लायन्स स्ट्रिपवर डॉन गार्लिट्स या नामवंत चालकाच्या गाडीचं ट्रान्समिशन फुटलं आणि उजव्या पायाचा काही भाग गेला. पुढच्याच वर्षी तो मागे इंजिन असलेली गाडी घेऊन जिंकू लागला. त्या गाड्या आज जतन कराव्यात, चालवाव्यातही, पण त्यांना 'परवडणारा वर्ग' म्हणू नये. नायट्रोला पेट्रोलच्या तुलनेत तेवढ्याच हवेत आठ-नऊपट इंधन लागतं, आणि एखाद्या सिलिंडरात ठिणगी पडली नाही की द्रव साचून कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यांचा हिशोब आणि त्यांचे प्रायोजक वेगळेच राहू द्यावेत.

शेवटचा मुद्दा आयोजकांसाठी. नियम बदलायचे तर हंगाम संपताना जाहीर करावेत आणि निदान ३ वर्षं हलवू नयेत. सुरक्षेचा नियम तेवढा कधीही आणावा. एखाद्याने वर्षभर खपून लोखंडी सिलिंडर हेड तयार केले आणि पुढच्या मोसमात ॲल्युमिनियम चालू झालं, तर तो माणूस परत येत नाही.

आपला,
एक वाचक