नमुन्याची तिसरी बाटली गावाला द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की नदीत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या दरवर्षी वाचायला मिळतात. फेसाचे, रंगीत पाण्याचे फोटो येतात आणि बातमीच्या शेवटी एक वाक्य ठरलेले असते : 'प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे नमुने तपासणीसाठी पाठवले आहेत.' त्या नमुन्यांचे पुढे काय झाले, हे वाचकाला क्वचितच कळते. माझी सगळी नोकरी पाणी आणि सांडपाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेली. त्या अनुभवावरून सांगतो, आपले पर्यावरण कायदे चालतात की नाही हे त्या बाटलीवर ठरते. म्हणून हे पत्र बाटलीबद्दलच आहे.

कायदे कमी आहेत अशी तक्रार कुणी करू नये. महाराष्ट्राने तर केंद्राच्या आधी, १९६९ मध्ये, जलप्रदूषण रोखण्याचा स्वतःचा कायदा केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापन केले. संयुक्त राष्ट्रांची स्टॉकहोमची पर्यावरण परिषद १९७२ ची, केंद्राचा जल कायदा १९७४ चा, हवेचा १९८१ चा आणि भोपाळनंतर आलेला पर्यावरण (संरक्षण) कायदा १९८६ चा. २०१० मध्ये पर्यावरणाचे तंटे सोडवणारे हरित न्यायाधिकरणही आले. एवढे सगळे असताना केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातील नद्यांचे ३११ पट्टे प्रदूषित ठरले आणि त्यांपैकी ५५ एकट्या महाराष्ट्रात निघाले. सर्व राज्यांत सर्वाधिक. केंद्राच्याही आधी कायदा करणारे राज्य या यादीत पहिले असावे, याचे मला फार दुःख होते.

जल कायद्याचे कलम २१ नमुना कसा घ्यायचा ते सांगते. अधिकाऱ्याने कारखानदाराला नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही सील करायचे, दोघांनी सह्या करायच्या. एक भाग मंडळाच्या प्रयोगशाळेत जातो. मालकाने मागणी केली तर दुसरा भाग कायद्याने नेमलेल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत जातो. ही पद्धत पाळली नाही तर अहवाल कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. मालकावर अन्याय होऊ नये म्हणून एवढी काळजी घेतली आहे आणि ती योग्यच आहे. पण मंडळ आणि मालक या दोघांशिवाय तिसराही एक पक्ष आहे. नाल्याच्या खालच्या अंगाला ज्यांची विहीर आहे, ज्यांची गुरे त्या पाण्यावर जातात, त्यांच्यासाठी या कलमात एक थेंबही काढून ठेवलेला नाही. गावकऱ्याने स्वतः बाटली भरून तपासून आणली तरी तिला त्या सीलबंद नमुन्याचे वजन येत नाही.

नमुना घेणे वाटते तेवढे सोपे नसते. एका क्षणी भरलेली बाटली त्या क्षणापुरतेच सांगते. चोवीस तासांत ठरावीक वेळाने थोडे थोडे पाणी घेऊन एकत्र केले तर चित्र वेगळे दिसते. बीओडी म्हणजे पाण्यातला मळ खाताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू. त्याचा नमुना बर्फात ठेवून लवकर तपासणीला लावावा लागतो. तो उन्हात गाडीत फिरला, उशिरा पोचला, तर आतल्या जिवाणूंनी बराचसा मळ आधीच खाल्लेला असतो आणि आकडा खाली येतो. आपल्या पद्धतीप्रमाणे २७ अंशांवर तीन दिवस ठेवून बीओडी काढतात. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम, सीओडीची, म्हणजे तोच मळ रसायनाने जाळायला लागणाऱ्या प्राणवायूची, २५०. आता समजा, बाहेर पडणाऱ्या सांडपाण्यात कुणी बोअरचे ताजे पाणी मिसळले. दोन्ही आकडे मर्यादेत येतात. नदीत जाणारी घाण मात्र जेवढी होती तेवढीच राहते. ते पकडायचे तर प्रवाह किती होता, विरघळलेले क्षार अचानक का घटले, हे जोडीने पाहावे लागते. एका कागदावर एका वेळचा एक आकडा घेऊन ते कळत नाही.

हे सगळे करायला माणसे लागतात. देशभरातील मंडळांत मंजूर पदांपैकी जवळपास निम्मी रिकामी आहेत, ही आकडेवारी हरित न्यायाधिकरणापुढे आलेली आहे. एका क्षेत्र अधिकाऱ्याकडे किती कारखाने, किती साखर कारखान्यांचे हंगाम, किती नगरपालिकांचे नाले असतात ते त्याला विचारा. त्या माणसाला दोष देणे सोपे आहे, मी तो देणार नाही. उन्हातान्हात, बंद गेटसमोर ताटकळत, नेटाने नमुने आणणारे अधिकारी मी पाहिले आहेत.

आणि नेमक्या याच काळात शिक्षेचे स्वरूप बदलले आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण (संरक्षण) कायद्यातील बहुतेक उल्लंघनांसाठीची पाच वर्षांपर्यंतची कैद काढून १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला. तो न्यायालयाऐवजी सरकारी न्यायनिर्णय अधिकारी ठरवतात. ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. जल कायद्यातही २०२४ मध्ये तशीच दुरुस्ती झाली, जी सुरुवातीला हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली. कैदेची तरतूद होती तेव्हाही तुरुंगात जाणारे विरळाच होते, हे मला मान्य आहे. खटले वर्षानुवर्षे रेंगाळायचे. तेव्हा लवकर ठरणारा दंड तत्त्वतः वाईट नाही. पण उल्लंघन चालूच राहिले तर दिवसाला १० हजारांचा वाढीव दंड आहे आणि मोठ्या रासायनिक कारखान्याचा ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा, नीट चालवायचा वीज, रसायने आणि गाळाची विल्हेवाट यांचा खर्च त्याहून सहज जास्त होतो. मग यंत्र बंद ठेवून दंड भरणे कुणाला परवडेल, याचा हिशेब त्या कारखान्याचा अकाउंटंट करू शकतो. शिवाय उल्लंघन सिद्ध झाले तरच दंड आहे. म्हणजे पुन्हा नमुन्यापाशी येतो आपण.

सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०२५ रोजी मंडळांना जल आणि हवा कायद्यांखाली नुकसानभरपाई वसूल करण्याचा अधिकार असल्याचा निकाल दिला, ही समाधानाची गोष्ट आहे. पण नुकसान किती झाले हे तरी कशावरून ठरणार?

मापन कुणाच्या हातात आहे यावर कारखान्याचे वागणे बदलते, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. गुजरातेत कारखान्यांचे पर्यावरण परीक्षण (ऑडिट) खाजगी परीक्षक करत आणि त्यांची फी तोच कारखाना देत असे. २००९ ते २०११ या काळात अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या मंडळाबरोबर एक प्रयोग केला. काही कारखान्यांना परीक्षक चिठ्ठ्या टाकल्यासारखे नेमून दिले, त्यांची फी सामाईक निधीतून दिली आणि त्यांच्या मोजण्या दुसऱ्याकडून पुन्हा तपासून घेतल्या. जुन्या पद्धतीत बहुतेक कारखाने मर्यादेच्या जरा खाली असल्याचे अहवाल येत होते. नव्या पद्धतीत खरे आकडे येऊ लागले आणि त्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. कायदा तोच, मर्यादा त्याच, यंत्रेही तीच. कोण कुणाच्या पैशाने मोजतो एवढेच बदलले होते. केंद्राच्या २०२५ च्या पर्यावरण परीक्षण नियमांत परीक्षक अशा यादृच्छिक पद्धतीने नेमण्याची तरतूद आली आहे, ती कसोशीने पाळली जावी.

माझी मागणी याच्या पुढची आहे. मंडळाचा अधिकारी सांडपाण्याचा नमुना घेईल तेव्हा त्याने तिसरी बाटली भरावी, त्याच वेळी सील करावी आणि खालच्या अंगाच्या ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या प्रतिनिधीची सही घेऊन त्याच्या ताब्यात द्यावी. गावाने ती हव्या त्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावी. खर्च त्या कारखान्याने संमतीपत्रासाठी, म्हणजे कारखाना चालवायच्या मंडळाच्या परवानगीसाठी, भरलेल्या शुल्कातून मंडळाने करावा. तिन्ही अहवाल संमतीपत्राच्या क्रमांकासह मंडळाच्या संकेतस्थळावर आणि चावडीवर मराठीत लागावेत.

खेड्यातल्या लोकांना हे जमेल का, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर आहे की ते आजही हे करत आहेत. आपल्या गावोगावी जलसुरक्षक असतो. पाणी निर्जंतुक करायला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकणे, पिण्याच्या पाण्याचे नमुने भरून प्रयोगशाळेत पाठवणे हे त्याचे रोजचे काम. जलजीवन मिशनखाली प्रत्येक गावात पाच महिलांना किटने पाणी तपासायला शिकवण्याची योजना आहे. पाण्याच्या स्रोताभोवती घाण आढळली की ग्रामपंचायतीला धोक्याचे लाल कार्ड मिळू शकते आणि सरपंचाला सभेत जाब द्यावा लागतो. गावाने स्वतःच्या विहिरीबद्दल एवढे जबाबदार राहायचे आणि त्या विहिरीत वरून काय झिरपते ते मात्र त्याला कुणी सांगायचे नाही, हे कोणत्या न्यायात बसते?

कारखानदारांना यात भीती वाटेल, खोट्या तक्रारी होतील असे ते म्हणतील. सील आणि तिघांच्या सह्या असलेल्या बाटलीत खोटेपणाला आजच्यापेक्षा कमी जागा राहते. आणि जो कारखाना रोज ईटीपी चालवतो, गाळ नेमलेल्या ठिकाणी पाठवतो, त्याच्यावर सध्या खरा अन्याय होतो आहे. शेजारचा रात्री नाल्यात सोडून देतो आणि त्याच बाजारात स्वस्तात माल विकतो. रोजगाराचे म्हणाल तर कामगारही बहुधा आसपासच्या गावांतलेच असतात. वायू आणि पाणी त्यांच्या घरापर्यंत आधी पोचते.

नगरपालिका आणि महापालिकांनाही यातून सूट नको, उलट सुरुवात तिथून करावी. केंद्रीय मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशातील शहरांत दिवसाला सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते आणि प्रक्रिया होते ती २०,२३६ वर. बाकीचे प्रक्रियेविनाच सोडले जाते, बरेचसे नदीनाल्यांत. नदी फक्त कारखान्यांनीच नासवली हे आपल्याला ऐकायला बरे वाटते, पण ते खरे नाही. वरच्या शहराच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राची तिसरी बाटली खालच्या गावाकडे गेली पाहिजे, मग त्या शहरात मी स्वतः का राहत असेना.

कलम २१ मध्ये माहितीसाठी जादा नमुना काढायला मनाई केलेली नाही. मंडळाने परिपत्रक काढले तर हे लगेच सुरू होऊ शकते. पुराव्याचा दर्जा हवा असेल तर कायदा बदलावा लागेल आणि त्यासाठी आमदारांनी विधिमंडळात मागणी लावून धरावी. तोपर्यंत वाचकांनी जल कायद्याचेच कलम ४९ वापरावे. त्यानुसार कोणीही नागरिक मंडळाला ६० दिवसांची नोटीस देऊन स्वतः न्यायालयात तक्रार दाखल करू शकतो आणि अशा तक्रारदाराने मागितल्यास मंडळाला आपल्याकडचे अहवाल द्यावे लागतात. मंडळ ते सार्वजनिक हिताचे कारण दाखवूनच नाकारू शकते. ही तरतूद १९८८ पासून कायद्यात आहे आणि गावात क्वचितच कुणाला माहीत असते. आपल्या दैनिकाच्या जिल्हा आवृत्त्यांनी तिचा नमुना अर्ज छापला तर पुष्कळ ग्रामसभांचे काम सोपे होईल. असा अर्ज तयार करून द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक वाचक
(निवृत्त जलपरीक्षक)