गोदामाच्या दारी किरणयंत्र

महोदय,

लातूरच्या बाजारात तूर-हरभरा आणणाऱ्या शेतकऱ्याला भुंगेऱ्याची धास्ती नवी नाही. किरणांच्या माऱ्याने ही कीड मारता येते. पण अन्नावर असा मारा करणारे लासलगावचे विकिरण केंद्र कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूवर चालते आणि माल तिथवर न्यावा लागतो. ट्रेलरवर बसवलेले इलेक्ट्रॉन किरणयंत्र मात्र हंगामात गोदामापाशी आणता येईल, शिवाय वीज तोडली की किरणेही थांबतात. अन्नासाठी मान्य असलेल्या १० एमईव्ही (किरणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) या कमाल ऊर्जेलाही हे किरण पाण्यात ५ सेंटीमीटरच्या आसपासच शिरतात, म्हणून भरलेले पोते नव्हे, तर धान्याचा पातळ थर पट्ट्यावरून सरकवावा लागेल. इलेक्ट्रॉन आदळल्यावर निघणाऱ्या क्ष-किरणांपासून बचावाचे कवच जड असते आणि अखंड विजेची (आमच्याकडे हा निराळाच विषय!) सोय हवी. प्रक्रियेनंतर धान्य घट्ट पिशव्यांत न भरल्यास कीड पुन्हा लागते. योजना आखताना या खर्चाचाही हिशेब व्हावा.

– एक शेतकरी वाचक, जि. लातूर