खुले पत्र : सगळा दोष खडकाचाच का, साहेब?

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

निवडणुकीआधी आमच्या गावात (जत तालुका, जिल्हा सांगली) आपल्या हस्ते खारं पाणी गोडं करणाऱ्या आरओ प्लांटची फीत कापली गेली. वर्षाच्या आत प्लांट बंद. चालू होता तेव्हाही उरलेलं खारं पाणी ओढ्यातच सोडायचा, म्हणजे काढलेले क्षार परत आमच्याच विहिरींत. गेल्या आठवड्यात तक्रार घेऊन गेलो, तर खुर्चीतले साहेब म्हणाले, "तुमच्याकडचा खडकच तसा आहे."

असेल. पण महाबळेश्वरलाही हाच काळा पाषाण आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तिथलं पाणी गोड कसं? पावसाच्या पाण्यात हवेतला, मातीतला कार्बन डायऑक्साइड मिसळतो, ते पाणी खडक झिजवतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सुटतात. दोन्हीकडे हेच घडतं. तिकडे ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, सगळं धुऊन जातं. इकडे जेमतेम ५००. पाणी उन्हानं उडतं, क्षार मागे राहतात. कॅल्शियमचा चुना होऊन खड्यांच्या रूपात मातीत बसतो, सोडियम पाण्यातच राहतं. आणि क्लोराइड, म्हणजे मिठातला दुसरा भाग? ते या खडकात नावालाच असतं. माझ्या बोअरच्या अहवालात ते लिटरमागे ७१० मिलिग्रॅम आहे, क्षार एकूण २,३००. पर्याय नसेल तर एकूण क्षार २,००० पर्यंत चालवून घ्या म्हणतं पिण्याच्या पाण्याचं मानक. मग क्लोराइड आलं कुठून? पावसाबरोबर आलेलं पिढ्यानपिढ्या आटत साठलं, वर खतं आणि सांडपाणी. साहेबांनी अहवाल उघडला तरी होता का?

चहा फाटतो. डाळ शिजत नाही. ठिबकचे ड्रिपर चोंदतात, आणि यंदा ऐन घड भरताना द्राक्षाच्या पानांच्या कडा करपल्या. बाग गेली म्हणा ना. कर्ज मात्र शाबूत आहे, त्याला क्षार बाधत नाहीत. विहीर आटली म्हणून ६०० फूट बोअर मारलं. जितकं खोल, तितकं खारट. एका बोअरला लाखभर जातात. तालुक्यात दहा हजार बोअर धरा (मी मोजलेले नाहीत, तुम्हीही नाहीत), तर शंभर कोटी जमिनीत गेले. शेतकऱ्याचे.

तिकडे वाळवा-मिरजेत पाणी जास्त होऊन हजारो एकर क्षारपड, इकडे पाण्यावाचून तेच. एकाच जिल्ह्यात! हे सुद्धा खडकानंच वाटून दिलं वाटतं. घरोघरी नळाची मुदत २०२४ होती, ती २०२८ झाली. मुदती वाढवायला पाऊस लागत नाही.

मागणं मोठं नाही. प्रत्येक गावच्या पाण्याचा अहवाल चावडीवर लावा. ओढ्यावरचे बंधारे गाळ काढून दुरुस्त करा, म्हणजे पावसाचं गोडं पाणी तरी खाली मुरेल. प्लांट चालू करा, आणि त्याचं खारं पाणी कुठं सोडणार ते आधी लेखी द्या. जमत नसेल तर आपल्या नावाची संगमरवरी पाटी काढून न्या. तो दगड तरी आमच्याकडचा नाही.

आपला,
जत तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार