आण्णा, ती जुनी बस गगनबावड्याला देऊ नका

ती. आण्णांस,
सा. न. वि. वि.

काकूचा गुडघा आता बरा आहे हे ऐकून जीव भांड्यात पडला. तिला म्हणावं, जिन्याची चढ-उतार अजून काही दिवस नको.

परवा तुम्ही म्हणालात, शाळेच्या संस्थेला यंदा नवी बस घ्यायची आहे आणि जुनी गगनबावड्याकडच्या शाळेला तशीच देऊन टाकायची. फोनवर नीट बोलणं झालं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. देण्यामागची तुमची भावना मला कळते. तिकडच्या पावसात पोरं किती लांबून चालत येतात, ते मीही बघितलंय. तरीही ती बस देऊ नका, असं मला मनापासून वाटतं.

इथे अमेरिकेत सरकारने 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्यात शाळांच्या जुन्या बस बदलायला पाच वर्षांसाठी 5 अब्ज डॉलर ठेवले. आपल्या हिशोबाने 40,000 कोटींच्या वर. त्यातले निम्मे फक्त विजेच्या बससाठी. 2022 च्या पहिल्या फेरीत 50 कोटी डॉलर वाटायचे ठरलं होतं, पण देशभरातून एवढे अर्ज आले की रक्कम जवळजवळ दुप्पट करावी लागली. सोडत काढून शाळा निवडल्या. गरीब, खेड्यापाड्यातल्या आणि आदिवासी भागातल्या शाळांना आधी मान. विजेची मोठी बस डिझेलच्या साधारण तिप्पट किमतीला पडते, त्यामुळे अशा शाळांना एका बसमागे 3,75,000 डॉलरपर्यंत मिळत होते.

पण मला पैशांपेक्षा त्यामागची अट मोलाची वाटते. हे पैसे घेऊन नवी विजेची बस घ्यायची, तर 2010 किंवा त्याआधीची डिझेल बस मोडायची. तीही कुठेतरी गंजत पडलेली चालत नाही, आदल्या वर्षी मुलांना खरोखर ने-आण करणारी लागते. मोडायची कशी, तेही लिहून दिलेलं: इंजिन ब्लॉकला तीन इंची भोक पाडायचं, चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, दोन्ही लांब तुळया आडव्या कापायच्या आणि फोटो पाठवायचे. आमच्या भागातल्या शाळांच्या कचेरीत मी असा फोटो बघितला. ओतीव ब्लॉकच्या कुशीत आरपार भगदाड, कडेला गॅसकटरने वितळून ओघळलेलं लोखंड. तुमचीच आठवण आली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत उभा जन्म काढलेल्या माणसाला चालतं इंजिन असं मारणं जिवावर येणार. तुम्ही तर गेलेला ब्लॉकसुद्धा बोअर करून उभा करता.

तरी ही अट बरोबर आहे. जुनी बस विकली किंवा दान दिली की धूर कमी होत नाही, फक्त गाव बदलतो. आणि तो नेहमी आपल्यापेक्षा गरीब पोरांच्या वाट्याला जातो. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 मध्येच जाहीर केलंय. लहान मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात, आणि बसचा स्वतःचा धूर दारा-खिडक्यांतून तिच्याच आत शिरतो. इथे 2010 ची रेघ मारली, कारण तोवर धुराचे नियम कडक होऊन गाड्यांना काजळी अडवणारे फिल्टर आले होते. आपल्याकडे तसं बीएस-6 या धुराच्या नियमांमुळे 2020 च्या एप्रिलपासून झालं. तुमची ती बस त्याच्या कितीतरी आधीची आहे.

मग गगनबावड्याच्या पोरांनी चालतच यायचं का? नाही. संस्थेकडे तीन बस आहेत ना? नवी घ्या, सगळ्यात जुनी मोडा आणि उरलेल्या दोनपैकी जी अलीकडची, ती त्यांना द्या. तुमच्याकडे एक जुनी राहील, पण तिची देखभाल तुम्ही स्वतः करता, पुढच्या खेपेला बदलताही येईल. त्या शाळेला ते जमणार नाही. द्यायचं तर चांगलं द्यावं, हे आजीनेच शिकवलंय आपल्याला.

पैशाचं म्हणाल तर केंद्राची 2023 ची पीएम ई-बस सेवा शहरातल्या प्रवासी बससाठी आहे, त्यात शाळेची बस बसत नाही. पण अधिकृत स्क्रॅप केंद्रात गाडी मोडली की प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवून नव्या गाडीचं नोंदणी शुल्क माफ होतं आणि मोटार वाहन करात व्यावसायिक गाडीला 15 टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. आरटीओत जाऊन नीट विचारा. भंगारवाल्याला देऊन मोकळे होऊ नका, त्याचं काही प्रमाणपत्र मिळत नाही.

विजेची घ्यायची चर्चा निघाली तर आधी जोडणीचं बघा. इथे काही ठिकाणी बस येऊन उभ्या आणि चार्जरला पुरेल एवढी वीजच नाही, असं झालंय. महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज बसच्या ऑर्डरआधी जायला हवा. आणि चार्जर नदीकडच्या मागच्या पटांगणात अजिबात नको. 2019 आणि 2021 च्या पुरात तिथे किती पाणी होतं ते तुम्हीच मला दाखवलंत. बाकी शाळेचं काम विजेच्या बसला सोयीचं आहे: सकाळी फेरी, संध्याकाळी फेरी, मधे उभी. एका चार्जवर दीडशे किलोमीटरच्या आसपास जाते, शहरातल्या फेऱ्यांना पुष्कळ झालं.

एक गोष्ट मात्र उद्याच करता येईल, तिला पैसाही लागत नाही. शाळा सुटायच्या आधी गेटबाहेर बस आणि व्हॅन इंजिन चालू ठेवून रांगेत असतात, आणि पोरं नेमकी त्या धुरातून बाहेर पडतात. ड्रायव्हर मंडळींना सांगा, घंटा होईपर्यंत चावी बंद. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत.

परिवहन समितीची बैठक कधी आहे ते कळवा. रविवारी तुमच्या संध्याकाळी मी मोकळी असते, हवं तर व्हिडिओ कॉलवर सगळ्यांशी बोलेन. तो ब्लॉकचा फोटो तुमच्या व्हॉट्सॲपवर पाठवलाय, बैठकीत दाखवा.

काकूला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमची,
वैशू