संत्या, लायसनचा फॉर्म भरायच्या आधी हे वाच

प्रिय संत्या,

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. पलीकडच्या वस्तीवर पडलेला दरोडा, त्या आजीच्या कानातलं ओरबाडून नेलं ते, आणि शेवटी तू घाईघाईत म्हणालास की नंद्या मी लायसनला अर्ज टाकतोय, बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर घेतो, तुमच्या घरात बंदूक होती म्हणून तुला विचारतोय. लगेच फोन केला नाही, फोनवर आपण भांडलो असतो. म्हणून लिहितोय.

तुला भीती वाटते ती खोटी नाही हे आधी सांगतो. उसात एकटं घर, रात्रीची लाईट कधी असते कधी नसते, वैनी आणि दोन पोरं, आप्पा. मलाही झोप लागली नसती.

आमच्याकडची बंदूक म्हणजे शेती संरक्षणाची, सिंगल बाराबोर. सिंधुदुर्गात अशा परवान्याच्या बंदुका घराघरात आहेत, रानडुकरं आणि माकडं हाकलायला. बार काढला नाही तर भात घरात येत नाही, त्यामुळे मी बंदुकीच्या नावानं बोटं मोडणारा माणूस नाही. पण ती निवडणूक आली की पोलीस स्टेशनला जमा करायची, मग निकाल लागेपर्यंत डुकरांना मोकळं रान. तुझंही तेच होऊ शकतं, २०२४ सारख्या वर्षात लोकसभेला एकदा आणि विधानसभेला एकदा. चोर काही आचारसंहिता बघून येत नाहीत.

तुला कधी सांगितलं नव्हतं ते आज सांगतो. मी अकरा वर्षांचा होतो, मे महिना, रात्री दोन-अडीचचा सुमार. मागच्या विहिरीकडे आवाज आला. त्या उन्हाळ्यात काजू चोरांनी वैताग आणला होता म्हणून बाबा बंदूक घेऊनच झोपायचे. ते उठले, काडतूस भरलं, मागच्या दारात उभे राहून ओरडले, "कोण आसा रे थय?" उत्तर नाही. परत ओरडले. उत्तर नाही. बाबांनी बंदूक खांद्याला लावली आणि तेवढ्यात तो माणूस खोकला, आणि आईनं धावत जाऊन नळी वर धरली. माझा काका होता तो. मुंबईहून रातराणीनं आलेला, कोणाला उठवू नये म्हणून विहिरीवर पाय धूत होता, रहाटाच्या आवाजात त्याला काही ऐकूच आलं नव्हतं. बाबा नंतर सकाळपर्यंत ओटीवर बसून होते, एक शब्द नाही. बंदूक राहिली पण काडतुसं आईच्या ट्रंकेत गेली आणि किल्ली आईच्या कमरेला. बाबांसारखा थंड डोक्याचा माणूस मी दुसरा पाहिला नाही रे, आणि त्यांच्या हातून हे होणार होतं.

आता तू म्हणशील मी नीट कपाटात कुलूप लावून ठेवीन. ठेवावीच लागेल, २०१६ च्या नियमांप्रमाणे सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागतं. पण मग विचार कर, पाच-सहा जण दार फोडून आत येतात तेव्हा तू झोपेत आहेस, किल्ली कुठंय, काडतुसं कुठं, अंधारात पोरं कुठल्या खोलीत. कुलपात असेल तर वेळेवर हाताला लागणार नाही आणि उशाखाली भरून ठेवलं तर दहा वर्षांच्या ओमच्या हाताला आधी लागेल. मधला मार्ग मी खूप शोधला, मला सापडला नाही. आणि गावात लपून काय राहतं, तुझ्याकडे रिव्हॉल्व्हर आहे हे कळलं की चोरायला ती पण एक वस्तू झाली.

कायद्याचं पण बघ. रात्री घर फोडून आत आलेल्यावर जीव जाईपर्यंत बळ वापरायची मुभा कायद्यात आहे, जुन्या आयपीसीत होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही आहे. पण गरजेपेक्षा जास्त नाही. आत आलेल्यावर झाडलीस तर बचाव, तो पळत सुटला आणि पाठीत घातलीस तर तूच आरोपी. हा फरक वकील कोर्टात महिनोन्महिने मांडतात, तुला तो दोन सेकंदांत झोपेतून उठून करायचाय.

परवान्याची हत्यारं आपल्याकडे कुणावर चालली ते आठव. २००६ च्या एप्रिलमध्ये वरळीच्या घरात प्रमोद महाजनांवर सख्ख्या भावानं गोळ्या झाडल्या, पिस्तूल परवान्याचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईत फेसबुक लाईव्ह चालू असताना माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांचा खून झाला, त्यातलं पिस्तूल बॉडीगार्डच्या लायसनचं. ऑक्टोबर २०२४ ला गोविंदाच्या स्वतःच्या रिव्हॉल्व्हरची गोळी त्याच्याच पायात, आणि तो तर कपाटात ठेवत होता. यातला एकही चोर नव्हता संत्या. तुझं आणि चुलत्याचं बांधावरून किती वर्षं चाललंय, मागच्या पाडव्याला तू कुऱ्हाड उचलली होतीस आणि वैनीनं तुला मागं ओढलं होतं. कुऱ्हाड हातात असली तर माणूस मागं ओढता येतो.

आणि आता जे लिहायला हात अडखळतोय ते. आप्पा. काकू गेल्यापासून ते जेवत नाहीत नीट, तूच सांगितलंस. दिवाळीत मी आलो होतो तेव्हा गोठ्यात बसून मला म्हणाले, "नंदू, आता कुणासाठी राहायचं रे." मी विषय बदलला. तुला तेव्हा सांगितलं नाही ही माझी चूक, मला माफ कर. पण ज्या घरात असं बोलणारा माणूस आहे त्या घरात भरलेलं हत्यार नको. औषधाची बाटली असली तरी दवाखान्यात पळवायला वेळ मिळतो, कधीकधी माणूस वाचतो. गोळी वेळ देत नाही. आणि हो, फवारणीची औषधं पण आजच कुलपात टाक. आप्पांशी बोल, उगीच इकडचं तिकडचं नको, थेट विचार की आप्पा जीव द्यावासा वाटतो का. विचारल्यानं डोक्यात भरत नाही, उलट मोकळं होतं माणूस. डॉक्टरकडे मी येतो सोबत.

चोरांसाठी सांगतो ते ऐक. गोठ्याला आणि मागच्या दाराला सोलर लाईट लाव, मागचं दार बदलून लोखंडी जाळीचं कर, सोनं बँकेच्या लॉकरला टाक आणि ते टाकल्याचं गावभर सांग. तुमच्या गावात ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे का बघ, एक फोन केला की सगळ्या गावाच्या मोबाईलवर तुझा आवाज जातो. नसेल तर सरपंचाच्या मागं लाग. ११२ घरात सगळ्यांना पाठ पाहिजे, ओमलासुद्धा.

बाबा गेल्यावर बंदूक जमा करायला मीच गेलो होतो. वारस म्हणून परवाना माझ्या नावावर करून मागता आला असता. टेबलावर ठेवताना दस्त्यावर बाबांच्या हाताचा घासलेला डाग दिसला आणि मला तिथंच रडू आलं. तरी परत आणली नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येतोय, दोन रात्री राहतो. अर्ज तोवर टाकू नकोस. आप्पांना सांग नंदू येतोय, आमच्या झाडाचे काजू आणतो.

तुझा
नंदू