विज्या, पेट्रोलच्या लाइनला हात लावण्याआधी

प्रिय विज्या,

गणपतीनंतर पत्र नाही, मान्य. शिव्या भेटल्यावर दे. आईचा गुडघा आहे तसाच, मी ठीक.

वहिनी म्हणाल्या, रविवारी तू बेसमेंटमध्ये गाडीचा पेट्रोल फिल्टर स्वतः बदलणार आहेस. अरे, बेसमेंट? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती उडून जात नाही, जमिनीवरून सरपटत गटाराच्या जाळीत जाऊन बसते. उणे 40 अंशालाही पेट घेईल इतकी वाफ पेट्रोल सोडतं, इथे तर मुंबईचा उकाडा! तुमचा पाण्याचा पंप आपोआप सुरू होतो ना? त्याच्या स्विचची एक ठिणगी पुरे. गाडी उघड्यावर काढ. वॉचमनला बिडीसकट चहाला पाठव.

इंजिन बंद केलं तरी लाइनमध्ये तीनेक बार प्रेशर कोंडलेलं राहतं, टायरमधल्यापेक्षा जास्त. ते आधी उतरव. टाकीचं झाकण उघड, गाडीतल्या पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढ, गाडी सुरू कर. लाइनमधलं पेट्रोल संपलं की ती आपसूक बंद पडेल. मग दोन-तीन सेकंद सेल्फ मार, त्यानंतरच बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ. बॅटरी आधी सोडवलीस तर सेल्फ कशावर मारणार? (बारावीच्या प्रॅक्टिकलला तू हेच केलंस आणि मार्क माझे कापले गेले. विसरलो नाही.) आता इंजिन पूर्ण थंड होऊ दे.

तरी थोडं पेट्रोल उडतंच. जोडावर जाड सुती फडकं गुंडाळून क्लिप दाब, डोळ्यांवर चष्मा हवा. वाचायचा नव्हे. गळेल ते पत्र्याच्या डब्यात घे, लगेच झाकण लाव. प्लास्टिकचा टब नको, त्यावर स्थिर वीज साठते. तुझा तो पिवळ्या बल्बचा हँडलॅम्प तर घरीच ठेव: तापल्या काचेवर थेंब पडला की ती तडकते आणि आतली लाल तार उघडी पडते. एलईडी टॉर्च लांबूनच पेटवून आण. एबीसी पावडरचं अग्निशामक हाताशी ठेव. पाणी मारलंस तर पेट्रोल त्यावर तरंगत आग पसरवेल.

टाकीतलं पेट्रोल काढायला बाळ्यासारखी नळी तोंडाने ओढू नकोस. घोट फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया. पोटात गेलाच तर उलटी काढायची नाही, थेट हॉस्पिटल.

रबरी पाइप फुगलेला किंवा चिरलेला दिसला तर तोही बदल. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही. नवा पाइप फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे जास्त प्रेशरच्या, गाडीचाच माग, जोडातल्या ओ-रिंगही (रबरी कड्या) नव्या. सगळं बसवून, वास गेल्यावर फ्यूज आणि बॅटरी लाव. लगेच स्टार्ट नको. चावी ऑन, पंपाची घरघर ऐक, ऑफ. असं तीन-चारदा, दरवेळी जोड टिश्यूने टिपून बघ. सीएनजीच्या नळीला मात्र बोटही लावायचं नाही, तिथे 200 बार असतात.

चिनूला नोकरी लागली हेही वहिनींकडूनच कळलं! पेढे उधार. भिजलेली फडकी डब्यात कोंबू नकोस, उघड्यावर वाळव. पंपाचा फ्यूज कोणता ते बहुतेक फ्यूजबॉक्सच्या झाकणामागे छापलेलं असेल, शनिवारीच बघून ठेव आणि फोन कर.

तुझा,
पक्या